फॉरेन कीला नाव देणे आणि ती नेमकी काढून टाकणे

फॉरेन की म्हणजे एका टेबलातील कॉलमची किंमत दुसऱ्या टेबलात असलीच पाहिजे असे बंधन, म्हणजेच एक कन्स्ट्रेंट. ती काढण्याची आज्ञा जेमतेम एका ओळीची असते, पण त्या ओळीत कन्स्ट्रेंटचे नाव लिहावेच लागते. कोणत्या कॉलमवरची फॉरेन की काढायची आहे हे सांगून भागत नाही. टेबल तयार करताना ज्यांनी हे नाव दिलेले नसते, त्यांना काही महिन्यांनी, बहुधा घाईच्या वेळी, डेटाबेसने परस्पर ठेवलेले नाव शोधत बसावे लागते. शिवाय ते नाव आपल्या संगणकावर एक आणि मुख्य सर्व्हरवर दुसरेच असू शकते. म्हणून काढण्याची रीत समजून घेण्याआधी नाव देण्याची रीत पाहणे सोयीचे आहे. वेळेवर नाव ठेवले नाही, तर पुढे आपणच केलेल्या रचनेला नावे ठेवण्याची पाळी येते.

उदाहरणासाठी ग्रंथालयाचा एक छोटा डेटाबेस घेऊ. त्यात ‘सभासद’, ‘पुस्तके’ आणि ‘कर्मचारी’ ही तीन मूळ टेबले आहेत, आणि कोणते पुस्तक कोणी केव्हा नेले याची नोंद ठेवणारे ‘देवघेव’ हे चौथे टेबल आहे. मूळ टेबलाला आपण पालक टेबल म्हणू, आणि ज्याच्यावर फॉरेन की असते त्या टेबलाला बाल टेबल म्हणू. या लेखातील आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. एसक्यूएलचे राखीव शब्द प्रत्यक्षात नेहमीच्या रोमन लिपीतच टंकायचे आहेत.

नाव देऊन फॉरेन की जोडण्याची आज्ञा अशी आहे:

ऑल्टर टेबल देवघेव
ॲड कन्स्ट्रेंट एफके_देवघेव_सभासद_क्र
फॉरेन की (सभासद_क्र) रेफरन्सेस सभासद (सभासद_क्र);

‘कन्स्ट्रेंट’ हा शब्द आणि त्यापुढचे नाव या दोन गोष्टी ऐच्छिक आहेत, आणि सगळी अडचण तिथूनच सुरू होते. त्या गाळल्या तरी आज्ञा बिनतक्रार चालते, कारण प्रत्येक डेटाबेस आपापल्या पद्धतीने एक नाव तयार करून घेतो. ‘क्रिएट टेबल’ आज्ञेतही हीच वाक्यरचना कॉलमांच्या यादीनंतर लिहिता येते. कॉलमच्या ओळीतच थेट ‘रेफरन्सेस’ लिहिण्याची आटोपशीर पद्धतही आहे, पण मायएसक्यूएल वापरणाऱ्यांनी तिच्यापासून सावध राहिलेले बरे. मायएसक्यूएलच्या 9.0 पूर्वीच्या आवृत्त्या ती ओळ वाचतात, चूक दाखवत नाहीत आणि फॉरेन कीही तयार करत नाहीत. आपण निर्धास्त असतो आणि टेबलावर मात्र कोणतेही बंधन नसते. इनोडीबीऐवजी मायआयसॅम हे इंजिन (टेबल साठवण्याची पद्धत) वापरलेल्या टेबलांवरही असेच मुकाट दुर्लक्ष होते.

डेटाबेसने स्वतः ठेवलेली नावे कशी असतात, हे एकदा पाहिले की त्यांच्यावर विसंबू नये असे का म्हणतात ते कळते. मायएसक्यूएल टेबलाच्या नावापुढे ‘_आयबीएफके_’ आणि एक अनुक्रमांक जोडतो, म्हणजे ‘देवघेव_आयबीएफके_1’, ‘देवघेव_आयबीएफके_2’ अशी रांग लागते. हा क्रमांक फॉरेन की कोणत्या क्रमाने तयार झाल्या यावर ठरतो. त्यामुळे एका सर्व्हरवर सभासदाची फॉरेन की पहिली आणि दुसऱ्यावर पुस्तकाची पहिली, असे सहज घडू शकते. पोस्टग्रेसची पद्धत त्यातल्या त्यात समंजस आहे: टेबल, कॉलम आणि शेवटी ‘एफकी’, म्हणजे ‘देवघेव_सभासद_क्र_एफकी’. हे नाव बहुतेक वेळा अंदाजाने सांगता येते. मात्र त्या नावाचे कन्स्ट्रेंट आधीच असेल तर शेवटी अंक जोडला जातो. ओरॅकल ‘एसवायएस_सी’ आणि त्यापुढे आकडे असे नाव देतो, ज्यातून कशाचाच बोध होत नाही. एसक्यूएल सर्व्हर टेबलाच्या व कॉलमच्या नावांचे तुकडे घेऊन शेवटी सोळा आधाराच्या पद्धतीतले आकडे लावतो, आणि तेच टेबल दुसऱ्या सर्व्हरवर तयार केले की ते आकडे बदलतात.

शेवटच्या दोन प्रकारांत होणारे नुकसान सर्वांत जास्त आहे. विकसकाने आपल्या संगणकावर नाव पाहून मायग्रेशनच्या (डेटाबेसची रचना बदलणाऱ्या आज्ञांच्या) फाइलमध्ये ते जसेच्या तसे लिहिले, चाचणीही स्वतःच्याच संगणकावर केली, तर मुख्य सर्व्हरवर ती फाइल पहिल्याच आज्ञेला अडखळते, कारण त्या नावाचे कन्स्ट्रेंट तिथे नसतेच. ओरॅकलमध्ये आणखी एक गैरसोय आहे. फॉरेन कीचा भंग झाला की येणाऱ्या ‘ओआरए-02291’ या संदेशात नेहमीच्या आवृत्त्यांत स्कीमाचे (टेबलांच्या गटाचे) व कन्स्ट्रेंटचे नाव असते, पण टेबलाचे नसते. नाव बोलके असेल तर लॉग वाचणाऱ्याला चूक कुठे झाली ते तिथल्या तिथे समजते. ते ‘एसवायएस_सी’ने सुरू होणारे असेल तर आधी कॅटलॉग, म्हणजे डेटाबेसने स्वतःच्या रचनेची ठेवलेली नोंद, उघडावा लागतो.

नावात काय असावे

अनेक ठिकाणी ‘एफके_बालटेबल_पालकटेबल’ असा नियम पाळला जातो. तो वाचायला छान आहे, पण माझ्या मते अपुरा आहे. आपल्याच उदाहरणात ‘देवघेव’ टेबलात पुस्तक देणारा कर्मचारी आणि परत घेणारा कर्मचारी असे दोन कॉलम असतील, तर दोन्ही ‘कर्मचारी’ टेबलाकडे बोट दाखवतील आणि या नियमाने दोघांचे नाव एकच होईल. मग कोणीतरी दुसऱ्याच्या शेवटी ‘2’ लावतो आणि आपण पुन्हा अनुक्रमांकांच्या त्याच घोळात सापडतो. म्हणून बाल टेबल आणि कॉलम मिळून नाव करावे: ‘एफके_देवघेव_देणारा_क्र’ आणि ‘एफके_देवघेव_घेणारा_क्र’. पालक टेबलाचे नाव यात नसले तरी बिघडत नाही, कारण कॉलमचे नाव नीट ठेवलेले असेल तर ते त्यातून कळतेच.

बाल टेबलाचे नाव मात्र गाळू नये. मायएसक्यूएलमध्ये फॉरेन कीचे नाव संपूर्ण डेटाबेसमध्ये एकमेव असावे लागते. ‘एफके_सभासद_क्र’ एवढेच नाव ‘देवघेव’वर आणि ‘दंड’ या टेबलावरही ठेवू पाहिले, तर दुसऱ्या वेळी 1826 क्रमांकाची चूक येते. ओरॅकल व एसक्यूएल सर्व्हर यांच्यात ही अट एका स्कीमापुरती असते. पोस्टग्रेस एकाच टेबलाच्या आतच नाव वेगळे असण्याची अट घालतो, त्यामुळे तिथे दोन टेबलांवर एकच नाव खपून जाते. पण मग कॅटलॉगमध्ये केवळ नावाने शोध घेतला की दोन ओळी हाती येतात आणि चुकीच्या टेबलावर हात चालवण्याचा धोका राहतो.

नावाच्या लांबीलाही मर्यादा आहे. मायएसक्यूएलमध्ये 64 अक्षरे, पोस्टग्रेसमध्ये 63 बाइट, एसक्यूएल सर्व्हरमध्ये 128 अक्षरे आणि ओरॅकलमध्ये 12.2 या आवृत्तीपासून 128 बाइट चालतात. त्याआधीच्या ओरॅकलमध्ये केवळ 30 बाइट चालत. अक्षर आणि बाइट यांतला फरक आपल्याला विशेष लागू पडतो. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मात्रा आणि हलन्त यांसह, तीन बाइट घेते. म्हणजे पोस्टग्रेसमध्ये देवनागरी नाव 21 चिन्हांतच संपते, आणि त्यापुढचा भाग डेटाबेस एक साधी सूचना दाखवून कापून टाकतो. वर उदाहरणादाखल दिलेले ‘एफके_देवघेव_सभासद_क्र’ हे नाव प्रत्यक्षात देवनागरीत टंकले तर काठाकाठाने बसते, इतकी ही मर्यादा जवळ आहे. टेबलांची नावे देवनागरीत ठेवण्याची हौस असल्यास हा हिशेब आधीच करावा.

मोठ्या व लहान लिपीचे मिश्रणही टाळावे. पोस्टग्रेस अवतरणाविना लिहिलेले रोमन नाव लहान लिपीत बदलतो आणि ओरॅकल मोठ्या लिपीत. पण एखाद्या साधनाने नाव अवतरणात घालून तयार केलेले असेल, तर काढतानाही ते अक्षरशः तसेच, अवतरणासह लिहावे लागते.

ओआरएम, म्हणजे प्रोग्रामच्या भाषेतूनच टेबले हाताळू देणारी साधने, वापरणाऱ्यांनाही यातून सूट नाही. रेल्स ‘एफके_रेल्स_’ पुढे दहा चिन्हांचा हॅश (गणिताने काढलेली अक्षर-अंकांची मालिका) लावतो, हायबरनेट व जँगो हेही स्वतःच्या हिशेबाने हॅश असलेली नावे तयार करतात. ही नावे निदान प्रत्येक सर्व्हरवर सारखी निघतात, पण माणसाला ती वाचता येत नाहीत. एसक्यूएलअल्केमीमध्ये मेटाडेटा तयार करतानाच नावांचा साचा ठरवून देण्याची सोय आहे, आणि प्रकल्पाच्या पहिल्याच दिवशी ती वापरणे शहाणपणाचे आहे.

आधीच पडलेले नाव बदलणे

पोस्टग्रेस आणि ओरॅकल यांच्यात यासाठी सरळ आज्ञा आहे:

ऑल्टर टेबल देवघेव रिनेम कन्स्ट्रेंट जुने_नाव टू नवे_नाव;

पोस्टग्रेसमध्ये ती 9.2 पासून मिळते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘एसपी_रिनेम’ ही प्रक्रिया वापरतात आणि तिला वस्तूचा प्रकार म्हणून ‘ऑब्जेक्ट’ असे सांगतात. या तिन्ही ठिकाणी केवळ कॅटलॉगमधले नाव बदलते, ओळींची पुन्हा तपासणी होत नाही, म्हणून हे काम क्षणात आटोपते. मायएसक्यूएलमध्ये फॉरेन कीचे नाव बदलण्याची आज्ञा नाही. तिथे आधी नव्या नावाने तीच फॉरेन की जोडावी आणि मग जुनी काढावी. हा क्रम उलटा करू नये. जुनी आधी काढली तर मधल्या काळात टेबल उघडे राहते आणि नेमक्या त्याच वेळात एखादी चुकीची ओळ आत शिरू शकते.

काढण्याआधी

अंदाजाने नाव लिहून ‘चालले तर चालले’ असे करण्यापेक्षा कॅटलॉगला विचारावे. मायएसक्यूएलमध्ये ‘शो क्रिएट टेबल देवघेव’ ही आज्ञा सर्वांत सोपी आहे, कारण ती नावासकट संपूर्ण व्याख्या दाखवते. मुळात कोणकोणती टेबले ‘सभासद’कडे बोट दाखवतात हे हवे असेल, तर ‘इन्फर्मेशन_स्कीमा’मधील ‘की_कॉलम_यूसेज’मध्ये पालक टेबलाच्या नावावर अट लावून शोधावे. पोस्टग्रेसमध्ये ‘पीजी_कन्स्ट्रेंट’ या कॅटलॉगमध्ये ‘कॉनटाइप’ची किंमत ‘एफ’ असलेल्या ओळी पाहाव्यात. ‘कॉनरेलिड’ म्हणजे बाल टेबल, ‘कॉनएफरेलिड’ म्हणजे पालक टेबल, आणि ‘पीजी_गेट_कन्स्ट्रेंटडेफ’ हे फंक्शन पूर्ण व्याख्या मजकुराच्या रूपात देते. ओरॅकलमध्ये ‘यूजर_कन्स्ट्रेंट्स’ या व्ह्यूमध्ये प्रकार ‘आर’ असलेल्या ओळी फॉरेन कीच्या असतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘सिस.फॉरेन_कीज’ हा व्ह्यू आहे.

नाव सापडले की लगेच काढण्याची घाई करू नये. आधी ती पूर्ण व्याख्या मायग्रेशनच्या उलट दिशेच्या फाइलमध्ये उतरवून ठेवावी, आणि त्यात ‘ऑन डिलीट’ व ‘ऑन अपडेट’ यांच्यापुढे (पालक ओळ पुसली वा बदलली तर काय करायचे ते) काय लिहिले आहे हे नीट पाहावे. फॉरेन की परत जोडताना कॉलम सगळ्यांच्या लक्षात राहतात, पण ‘ऑन डिलीट कॅस्केड’ (पालक ओळीबरोबर बाल ओळीही पुसणे) हमखास विसरले जाते. परत जोडलेली फॉरेन की दिसायला तीच असते, आणि फरक कळतो तो कोणीतरी सभासद पुसायला गेल्यावर.

प्रत्यक्ष काढणे

पोस्टग्रेस, ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हर यांच्यात आज्ञा एकच आहे:

ऑल्टर टेबल देवघेव ड्रॉप कन्स्ट्रेंट एफके_देवघेव_सभासद_क्र;

मायएसक्यूएलमध्ये पूर्वापार चालत आलेली आज्ञा अशी आहे:

ऑल्टर टेबल देवघेव ड्रॉप फॉरेन की एफके_देवघेव_सभासद_क्र;

मायएसक्यूएलच्या 8.0.19 पासून ‘ड्रॉप कन्स्ट्रेंट’ हेही चालते, पण जुन्या आवृत्त्यांवर चालवायच्या फाइलीत ‘ड्रॉप फॉरेन की’ हीच रीत ठेवावी. आज्ञा नेहमी बाल टेबलावर द्यायची असते. ‘सभासद’ टेबलाकडे बोट दाखवणारी फॉरेन की ‘सभासद’वरच असेल असे समजून तिथे आज्ञा देणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे. तसे केल्यास मायएसक्यूएल 1091, एसक्यूएल सर्व्हर 3733 आणि ओरॅकल ‘ओआरए-02443’ ही चूक दाखवतो. नाव लिहिताना अक्षर चुकले तर एसक्यूएल सर्व्हर 3728 दाखवतो, बाकी दोघांचे क्रमांक तेच राहतात.

कन्स्ट्रेंट आहे की नाही याची खात्री नसेल, तर पोस्टग्रेसमध्ये आणि 2016 पासूनच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘ड्रॉप कन्स्ट्रेंट इफ एक्झिस्ट्स’ असे लिहिता येते. मारियाडीबीमध्येही ‘ड्रॉप फॉरेन की इफ एक्झिस्ट्स’ आहे, मायएसक्यूएलमध्ये मात्र ही सोय नाही. ‘इफ एक्झिस्ट्स’ जपून वापरावे, कारण नाव चुकले तरी फाइल यशस्वी झाल्याचे दिसते आणि जुने बंधन जागेवरच राहते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये यंत्राने ठेवलेले नाव काढायचे असेल, तर टेबल व कॉलमवरून ते आधी व्हेरिएबलमध्ये घ्यावे आणि त्यातून आज्ञेचा मजकूर जोडून चालवावा. हे थोडे आडवळणाचे आहे, पण प्रत्येक सर्व्हरवर चालणारा मार्ग तोच आहे.

पोस्टग्रेस व एसक्यूएल सर्व्हर यांच्यात हे सारे ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्र पूर्ण किंवा एकत्र रद्द होणाऱ्या आज्ञांच्या गटात) करता येते आणि बिनसल्यास मागे फिरता येते. मायएसक्यूएल व ओरॅकल अशा आज्ञेबरोबर आधीचे काम कायम करून टाकतात, म्हणून तिथे ‘रोलबॅक’च्या भरवशावर राहू नये. पोस्टग्रेसमध्ये कन्स्ट्रेंट काढताना टेबलावर सर्वांत कडक लॉक (इतरांना अडवणारे कुलूप) लागते आणि पालक टेबलही त्यात अडकते. एखादी लांबलेली क्वेरी पुढे असेल तर आपली आज्ञा तिच्यामागे थांबते आणि आपल्यामागे बाकी सगळ्यांची रांग लागते. म्हणून आधी ‘लॉक_टाइमआउट’ काही सेकंदांचा ठेवावा, आणि वेळ संपलाच तर थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करावा.

‘कॅस्केड’ या शब्दाबद्दल इथेच सांगायला हवे. पोस्टग्रेसमध्ये ‘ड्रॉप टेबल सभासद कॅस्केड’ आणि ओरॅकलमध्ये ‘ड्रॉप टेबल सभासद कॅस्केड कन्स्ट्रेंट्स’ लिहिले की पालक टेबलाबरोबर त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या सगळ्या फॉरेन कीही जातात. बाल टेबले आणि त्यांतल्या ओळी राहतात, पण त्यांचे बंधन सुटलेले असते. मी हा मार्ग टाळतो आणि प्रत्येक फॉरेन की नावाने, वेगळ्या ओळीत काढतो. फाइल लांबते हे खरे, पण नेमके काय काढले हे पुढे वाचणाऱ्याला शोधावे लागत नाही.

काढल्यानंतर मागे काय उरते

मायएसक्यूएल फॉरेन की जोडताना बाल कॉलमवर योग्य इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) नसेल तर स्वतः तयार करतो, पण फॉरेन की काढताना तो इंडेक्स काढत नाही. तो नको असेल तर ‘ड्रॉप इंडेक्स’ ही वेगळी आज्ञा द्यावी लागते, आणि तीही फॉरेन की काढल्यानंतरच. क्रम उलटा झाला तर 1553 ही चूक येते. कॉलमच काढायचा असेल आणि फॉरेन की शिल्लक असेल, तर 1828 येते. अर्थात बहुतेक वेळा तो इंडेक्स ठेवणेच फायद्याचे असते, कारण जोडणी करणाऱ्या क्वेरी त्याच कॉलमवरून चालतात. पोस्टग्रेस, ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हर असा इंडेक्स आपणहून करत नाहीत, त्यामुळे तिथे काढण्यासारखे काही उरत नाही. उलट तो आपण कधी केला होता का, हेच एकदा पाहून घ्यावे.

‘ऑन डिलीट’ची वागणूक बदलण्यासाठीही सर्वसाधारणपणे फॉरेन की काढून नव्याने जोडावी लागते. पोस्टग्रेसमधील ‘ऑल्टर कन्स्ट्रेंट’ने तपासणी लगेच व्हावी की ट्रान्झॅक्शन संपताना, हे बदलता येते, पण ‘कॅस्केड’चे ‘रिस्ट्रिक्ट’ (पुसण्यास मनाई) करता येत नाही.

मोठ्या प्रमाणावर ओळी भरायच्या म्हणून फॉरेन की काढली जात असेल, तर तात्पुरती बंद करणे हा दुसरा मार्ग आहे. ओरॅकलमध्ये ‘डिसेबल कन्स्ट्रेंट’, एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘नोचेक कन्स्ट्रेंट’ आणि मायएसक्यूएलमध्ये ‘फॉरेन_की_चेक्स’ची किंमत शून्य करणे, असे हे प्रकार आहेत. मायएसक्यूएलमध्ये तपासणी पुन्हा सुरू केल्यावर मधल्या काळात आलेल्या ओळी तपासल्या जात नाहीत. एसक्यूएल सर्व्हरमध्ये पुन्हा सुरू करताना ‘विथ चेक चेक कन्स्ट्रेंट’ असे ‘चेक’ दोनदा लिहावे लागते. ते विचित्र दिसते, म्हणून पुष्कळ जण एक ‘चेक’ छपाईची चूक समजून गाळतात. मग जुन्या ओळींची तपासणी होत नाही आणि ‘इझ_नॉट_ट्रस्टेड’ची किंमत 1 राहते, म्हणजे डेटाबेस त्या बंधनावर विश्वास ठेवत नाही.

फॉरेन की काढून परत जोडायची असो की बंद करून चालू करायची असो, आधी अनाथ ओळी, म्हणजे ज्यांची पालक ओळच नाही अशा, शोधाव्यात. ‘देवघेव’ला ‘सभासद’शी लेफ्ट जॉइनने जोडावे, आणि ‘देवघेव’मधील सभासद_क्र नल नसून ‘सभासद’मधील क्रमांक नल आहे अशा ओळी निवडाव्यात. एकही ओळ आली तर तिचे काय करायचे हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नये. पोस्टग्रेसमध्ये मोठ्या टेबलावर आधी ‘नॉट व्हॅलिड’ लावून फॉरेन की जोडावी, म्हणजे नव्या ओळींवर बंधन लगेच लागू होते आणि जुन्या ओळी वाचण्यात वेळ जात नाही; नंतर सवडीने ‘व्हॅलिडेट कन्स्ट्रेंट’ आणि नाव अशी आज्ञा द्यावी, जी नेहमीचे लिहिणे-वाचणे अडवत नाही.

एसक्यूलाइट

एसक्यूलाइटमध्ये अस्तित्वात असलेल्या टेबलावरून फॉरेन की काढण्याची आज्ञा नाही, टेबल नव्याने बांधावे लागते. फॉरेन कीची तपासणी तिथे मुळात बंद असते आणि ‘प्रॅग्मा फॉरेन_कीज’ने प्रत्येक जोडणीसाठी वेगळी चालू करावी लागते. टेबल बांधताना ती आधी बंद करावी, आणि हे ट्रान्झॅक्शन सुरू होण्यापूर्वीच करावे, कारण ट्रान्झॅक्शनच्या आत या प्रॅग्माचा काहीही परिणाम होत नाही. मग ट्रान्झॅक्शन सुरू करून फॉरेन कीविना ‘नवे_देवघेव’ टेबल तयार करावे, त्यात सगळ्या ओळी भराव्यात, जुने ‘देवघेव’ काढावे आणि नव्याला त्याचे नाव द्यावे. जुन्याचे नाव आधी बदलण्याचा मोह टाळावा, कारण तसे केल्यास इतर टेबलांतले संदर्भही जुन्यामागून जाऊ शकतात. जुन्या टेबलावरचे इंडेक्स व ट्रिगर त्याच्याबरोबर जातात, ते पुन्हा तयार करावे लागतात. ‘प्रॅग्मा फॉरेन_की_चेक’ने एकही ओळ परत आली नाही की ट्रान्झॅक्शन कायम करावे आणि तपासणी पुन्हा चालू करावी.

चालू प्रकल्पात बिननावाच्या फॉरेन की किती आहेत हे पाहायचे असेल, तर एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘सिस.फॉरेन_कीज’मधील ‘इझ_सिस्टिम_नेम्ड’ची किंमत 1 असलेल्या ओळी काढाव्यात, ओरॅकलमध्ये ‘यूजर_कन्स्ट्रेंट्स’मधील ‘जनरेटेड’ कॉलममध्ये ‘जनरेटेड नेम’ लिहिलेल्या ओळी पाहाव्यात आणि मायएसक्यूएलमध्ये नावात ‘_आयबीएफके_’ असलेल्या शोधाव्यात. मायएसक्यूएलमध्ये टेबलाचे नाव बदलले की अशा नावांचा पहिला भागही आपोआप बदलतो. म्हणून तिथे टेबलाचे नाव बदलण्याचा विचार असेल, तर फॉरेन कीची नावे त्याआधी नीट करून घ्यावीत. नाहीतर जुन्या मायग्रेशनमध्ये लिहिलेले नाव आणि कॅटलॉगमधले नाव यांची फारकत होते.